मेहुण्याच्या पगाराचे पेढे

९ जून २०१८, शनिवार

वकीलबाई म्हणाल्या, रोज लिहीत जा. कुणाचा फोन आला, कोण दारात येऊन बसलं, कुणाला काय कबूल केलंत, सगळं लिहा. पुढे कोर्टात विचारतील. म्हणून ही वही आणली. पण वही माझ्या पैशांची आहे, तेव्हा कोर्टाला नको असलेलंही हिच्यात येणार. सुरुवात त्यानेच करतो. दर्शनला मी सोडणार नाही.

दर्शन माझा मेहुणा, प्रभाचा धाकटा भाऊ. तलासरीला झेडपीच्या शाळेत मास्तर. मार्चमध्ये त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मला रबराचं दूध पुरवणारा वापीचा हसमुखभाई पंगतीला होता, माझ्याच ओळखीने बोलावलेला. त्याने सहज माझ्याबद्दल विचारलं, वासुदेवभाईचं कसं चाललंय? दर्शन हातात जिलबीचं ताट घेऊन उभा होता. सगळ्या पंगतीसमोर म्हणाला, "सध्या भाऊजींना उधार देऊ नका." आणि पुढच्या पानावर जिलबी वाढायला गेला.

पुढच्या आठवड्यापासून माझ्याकडे ड्रम यायचे थांबले. फुग्यांचा कारखाना दुधावर चालतो. ते नसेल तर साचे नुसते उभे. नोटाबंदी पचवली, जीएसटी पचवला, पण मेहुण्याचं एक वाक्य पचलं नाही. मे महिन्यात आशागडच्या शेडला कुलूप लावलं. हिराबाई, सुकी आणि बाकीच्या बाया घरी गेल्या.

आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत कर्जबाजारी धंदेवाल्यांसाठी मार्गदर्शन होतं. ॲडव्होकेट कीर्ती सावे. पोरगीच म्हणायची, पण बोलणं ठाम. माझ्या एका बाजूला बोर्डीचा सलूनवाला, दुसरीकडे एक मंडपवाला. सगळे चपला बघत बसलेले. बाई म्हणाल्या, "नादारी ही शिवी नाही, कायद्यातली सोय आहे. फेडणं खरंच अशक्य झालं तर कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट तुमची मालमत्ता ताब्यात घेतं, घेणेकऱ्यांना वाटून देतं. घरातली भांडी, अंथरूण, कपडे, कारागिराची हत्यारं यांना हात लावत नाहीत. आणि दारात येऊन तुम्हाला कुणी छळू शकत नाही."

मी विचारलं, "आणि जामीनदार?"

"जामीनदार सुटत नाही, काका. कायद्याची छत्री तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही. तो पगारदार असेल तर पतपेढी सरळ त्याच्या पगारातून कापून घेते."

"पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांना वाटलं, मला जामीनदाराची काळजी आहे. माझ्या मात्र अंगात मार्चनंतर पहिल्यांदा बळ आलं.

आमच्याकडे कर्ज काढायचं तर आधी नात्यात मास्तर नाहीतर रेल्वेवाला शोधतात. त्यांच्या सह्यांवर अर्धा तालुका चालतो. पतपेढीचा शिपाई मधल्या सुट्टीत कागद घेऊन शाळेत जातो आणि मास्तर खडूच्या हातांनी सही करून पुन्हा वर्गात जातात. माझ्या कर्जावर दर्शनने अशीच सही केली होती, माझ्यासमोर. आता ती सही त्याला दर महिन्याला आठवण करून देईल.

११ जून

प्रभाला सांगितलं की नादारीचा अर्ज करतोय. ती वेवजीच्या शाळेत शिकवते, तिथून नुकतीच आली होती, पिशवीसुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. म्हणाली, "लोक काय म्हणतील ते जाऊ दे. पण जामीनदाराचं काय होतं मग?"

बघा! नवरा बुडतोय आणि हिचा पहिला प्रश्न भावाचा. मी म्हटलं, त्याच्या पगारातून कापतील, हप्त्याहप्त्याने, कर्ज फिटेपर्यंत. ती खाली बसली. पाणी मागितलं. मग म्हणाली, "मला जामिनाबद्दल तुम्हाला एक सांगायचंय."

मी तिथेच थांबवलं. या घरात दर्शनची वकिली चालणार नाही, जामीनदाराचं नाव काढायचं नाही, असं बजावलं. आवाज जरा चढला असेल. आमची मुलगी शितल आतून बघत होती. तिला दारामागून ऐकायची सवय लागली आहे.

३० जून

वकीलबाईंकडे कागद नेऊन दिले. म्हणाल्या, पतपेढीकडून कर्जाच्या कागदांची ताजी नक्कल आणा, जामीन कोण आहे तेही बघून घ्या. मी म्हटलं, मॅडम, सही माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे, नक्कल कशाला? त्या पतपेढीत पाय टाकायची माझी इच्छा नाही. तिथला मॅनेजर दर्शनच्या शेजारी राहतो. बाईंनी मान हलवली आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

२१ जुलै

आज हिराबाई घरी आली. अंगणातच बसली, आत यायला तयार नाही. तिची नखं अजून लाल-निळी आहेत. इतकी वर्षं साच्यांवरून फुगे सोलले, रंग जाणार कसा.

"शेठ, काम असाच बंद राहिला तर आमी काय करायचा?"

उंबरगावची एक पार्टी माझे साचे आणि भट्टी घ्यायला तयार आहे, तिच्या कानावर ते आलं होतं. नवा मालक शेड इथंच ठेवणार, बायाही ह्याच ठेवणार. दुपारी वकीलबाईंचाही फोन आला, त्यांनी पतपेढीशी बोलणं केलं होतं. साचे आणि भट्टी विकून मुद्दल भरलंत तर पतपेढी व्याज सोडायला तयार आहे. "काका, नादारीची गरजच उरत नाही. यातून मोकळे व्हा."

मोकळा होईन मी. आणि तो? तो मोकळाच आहे, नव्या घरात, गच्चीवर खुर्ची टाकून.

नाही म्हणून सांगितलं. हिराबाईला चहा दिला. ती बशी धुवून ठेवून गेली.

२२ जुलै

प्रभा सकाळपासून मागे लागली आहे. "साचे विका. माझ्यासाठी विका."

माझ्यासाठी म्हणजे भावासाठी, एवढं कळतं मला. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, "त्रास त्याला नाही होणार, मला होणार आहे." बहिणीचं काळीज. लहानपणी त्याला कडेवर घेऊन ओहोळ ओलांडायची, ही गोष्ट लग्नापासून ऐकतोय. मी म्हटलं, तो आता कडेवर बसण्याएवढा राहिला नाही, झेडपीचा पूर्ण पगार घेतो.

ती हसलीही नाही. माझे विनोद हल्ली वायाच जातात.

६ ऑक्टोबर

अर्ज दाखल झाला. बाईंनी आधी समोर बसवून विचारलं, "काका, शेवटचं विचारते. फेडता येत नाही म्हणून हे करताय ना? की दुसरं काही आहे? कोर्ट हे कुणाचा काटा काढायचं ठिकाण नाही."

मी म्हटलं, फेडता येत नाही. आणि हे खरंच आहे. मेहुण्याने फेडू दिलं नाही. उंबरगावच्या पार्टीने दुसरीकडून साचे घेतले, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

१८ नोव्हेंबर

भाऊबीज होऊन गेली. प्रभा एकटीच तलासरीला जाऊन आली, मी गेलो नाही. दर्शनने ओवाळणीत साडी दिली आणि माझ्यासाठी शर्टाचं कापड पाठवलं. कापड मी हिराबाईच्या नवऱ्याला देऊन टाकलं, काळ्याला. चांगलं होतं, चौकड्यांचं. पुढच्या भाऊबीजेला काय पाठवतो बघू, पगाराला कात्री लागल्यावर.

प्रभाने येताना सोन्याच्या बांगड्यांऐवजी काचेच्या घातल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, बसमध्ये सोनं घालून जायची भीती वाटते.

२ फेब्रुवारी २०१९

काल दुपारी मोठा हादरा बसला. हल्ली जमीन रोजच हलते, पण कालचा वेगळा होता. कपाटावरची भांडी खाली आली. तलासरीकडे लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहतात. प्रभाची शाळा पटांगणात भरते. फळा आंब्याच्या खोडाला टेकवलेला, मुलं पोत्यांवर.

ती घरी लंगडत आली. मुलांना वर्गातून बाहेर काढताना तिच्या पायाला लागलं होतं. मी हळद लावत होतो, तर माझा हात धरून म्हणाली, "आज ऐका माझं. जीव गेला असता तर राहून गेलं असतं. जामिनाचं..."

मी म्हटलं, "तुझ्या भावाचं घर पडलं का?"

"नाही."

"मग बाकी काय ऐकायचं?"

तिने पाय ओढून घेतला. हळद तिची तिने लावली. भाऊ एवढा प्रिय असेल तर त्याच्याच ताडपत्रीखाली जाऊन राहावं. हे रागात लिहितोय, पण खोडणार नाही.

१३ एप्रिल

पोस्टमन पतपेढीचे दोन लिफाफे देऊन गेला. एक माझ्या नावाचा, एक प्रभाच्या. माझा न फोडता चुलीत घातला. कोर्टात अर्ज आहे, आता तुमच्या नोटिसा तुम्हीच वाचा. प्रभाचा तिच्या टेबलावर ठेवला. शिक्षकांच्या ठेवीबिवीचं काहीतरी असेल. तिने तो पर्समध्ये टाकला आणि शाळेत गेली. दर्शनकडेही असाच लिफाफा गेला असणार. कुठल्या तासाला मिळाला असेल? मी मनात ठरवून टाकलं, गणिताच्या.

३० मे

शितलला बारावीला चांगले मार्क पडले. नर्सिंगला जायचं म्हणते, पालघरजवळच्या कॉलेजात. मी म्हटलं, जा की, आई आहे ना पगारदार. प्रभा ओट्याजवळ उभी होती, तशीच भाजी चिरत राहिली. शितल एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

१५ जून

झालो! कोर्टाने मला नादार जाहीर केलं. साचे, भट्टी, शेडचा भाडेकरार, सगळं आता कोर्टाने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात. भांडी आणि अंथरूण माझं. वकीलबाईंनी नियम समजावले. त्यातला एक मला फार आवडला. यापुढे पन्नास रुपये किंवा जास्त उधारी घ्यायची तर समोरच्याला आधी सांगायचं, मी नादार आहे. न सांगता घेतली तर गुन्हा. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, तेव्हाच्या पन्नास रुपयांत म्हैस येत असेल.

बाईंनी आणखी एक सांगितलं. पतपेढीच्या हाती वसुलीचा दाखला आला आहे. जामीनदाराच्या शाळेला आदेश गेला, या महिन्याच्या पगारापासून कपात सुरू. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागद सारखे करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घरी बोललात ना काका सगळं?"

मी म्हटलं, माझ्या घरी माझंच चालतं.

४ जुलै

मास्तरांचे पगार अजून झाले नाहीत. दोनदा स्टेशनजवळच्या टपरीवर जाऊन शिक्षकांच्या गप्पा ऐकून आलो. प्रभाला विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला आमच्या पगाराची घाई कधीपासून?"

९ जुलै, मंगळवार

लिहू की नको असं करत बसलो होतो. लिहितो.

सकाळी प्रभा म्हणाली, काल पगार झाले. एवढंच म्हणाली आणि बस पकडायला गेली. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, छत्री घेतली. स्टेशनसमोरच्या मिठाईवाल्याकडे अर्धा किलो पेढे मागितले. खिशात बसच्या भाड्यापुरतेच होते. मी छाती पुढे काढून म्हटलं, "कायद्याने सांगणं भाग आहे, मी नादार आहे. उधार देतोस?"

तो हसला. "अहो राऊतशेठ, इतकी वर्षं माझ्या दुकानावर फुगे लावलेत तुम्ही. न्या." वर रंगीत दोरी बांधून दिली.

बेत साधा होता. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, दर्शनचं तोंड बघायचं, पेढा पुढे करायचा आणि म्हणायचं, घे, सध्या गोड उधारीवरच मिळतं. हे वाक्य मी तलासरीपर्यंत बसमध्ये घोकत गेलो.

दर्शन बाहेर आला. खडूने माखलेले हात, चेहरा नेहमीसारखाच. मला बघून धावतच आला. वाकून नमस्कार केला आणि पाऊस होता म्हणून हात धरून समोरच्या हॉटेलात घेऊन गेला. चहा सांगितला. म्हणाला, "भाऊजी, बरं झालं आलात. मीच येणार होतो. ताईचा किती कापला?"

मी म्हटलं, "काय?"

"पगार. निम्म्याच्या आसपास जाईल असं मॅनेजर म्हणत होते. मी थोडे जमवलेत, शितलच्या फीला होतील. ताई माझ्याकडून घेत नाही. तुम्ही तरी न्या."

चहा आला. मी म्हटलं, "जामीन तू आहेस."

"होतो. घरासाठी कर्ज काढायचं तर दुसऱ्याचा जामीन अंगावर चालत नव्हता. ताईला सांगितलं. तिने शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या जागी सही केली. मॅनेजर शेजारचेच, त्यांनी तुमच्या सहीवाचून चालवून घेतलं. तीन वर्षं होतील. म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, त्यांना वाटेल मेहुण्याने हात काढून घेतला. नवीन माल उचलायची उमेद जाईल. तिने सांगितलं नाही तुम्हाला? वर्षभर प्रयत्न करतेय म्हणत होती."

मी विचारलं, मग वास्तुशांतीला हसमुखभाईला ते का म्हणालास?

त्याने खडूचे हात पँटला पुसले. "चुकलंच माझं, चारचौघांत बोलायला नको होतं. पण भाऊजी, आणखी उधारीचा डोंगर झाला असता तर पतपेढीचा हप्ता आधी चुकला असता. तो ताईच्या पगारावर आला असता. मला तेवढंच सुचलं."

घंटा झाली. जाताना बॉक्सकडे बघून म्हणाला, "शितलसाठी का? छान." त्याचे पैसे मी घेतले नाहीत. घ्यायला हात उचललाच नाही.

परतीच्या बसमधून वकीलबाईंना फोन केला. विचारलं, साचे आता विकता येतील का? मिळेल त्या भावाने? त्या म्हणाल्या, "काका, साचे आता तुमचे नाहीत. रिसिव्हर विकेल तेव्हा विकेल, येतील ते पैसे सगळ्या घेणेकऱ्यांत वाटले जातील." मग म्हणाल्या, "काकू माझ्याकडे आल्या होत्या, जूनमध्ये. मी म्हटलं, काकांना घरी सांगा. त्या म्हणाल्या, ह्यांना मेहुण्याशिवाय काही ऐकू येत नाही."

घरी पोचलो तर प्रभा आधीच आलेली. ओल्या चपला दाराशी. मी बॉक्स हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. सांगायला सुरुवात करणार होतो. तेवढ्यात शितल आतून धावत आली, दोरी बांधलेला बॉक्स बघितला आणि ओरडलीच.

"बाबा! तुम्हाला कसं कळलं?"

दुपारी कॉलेजची यादी लागली. तिचं नाव आहे त्यात. फी पंधरा तारखेपर्यंत भरायची आहे.

तिने दोरी सोडली. एक पेढा देवापुढे ठेवला, एक माझ्या तोंडात घातला. म्हणाली, मला वाटलं होतं तुमचं माझ्याकडे लक्षच नाही.

मी प्रभाकडे बघितलं. तिने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, छत्रीकडे, खिशातून डोकावणाऱ्या तलासरीच्या तिकिटाकडे. हे पेढे कुणासाठी घेतले होते ते तिला कळलं. तिने शितलला काही सांगितलं नाही. हात पुढे केला, म्हणाली, "द्या, मलाही द्या एक."

मी दिला. तिने तो पूर्ण खाल्ला.